अब्राहामाचा सातबारा

पेण म्हटले की महाराष्ट्राला गणपती आठवतात. रंगाचा हात फिरण्याची वाट पाहत रांगेने बसलेल्या मूर्ती ही या गावाची ओळख आहे. याच पेणमध्ये 1863 साली उभारलेले बेथ हाएलोहिम हे बेने इस्रायली या कोकणातल्या यहुदी समाजाचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे आणि तिथे देवाची मूर्ती नाही, चित्रही नाही. तिथून दक्षिणेला रोह्याकडे गेले तर कुंडलिका लागते. ती समुद्राला मिळते तिथे एका तीरावर रेवदंडा आणि दुसऱ्या तीरावर कोर्लई. रेवदंड्यात 1842 सालचे सिनेगॉग आहे, तर कोर्लईत पोर्तुगीज वळणाची क्रिस्ती बोली आजही घरात बोलणारी कॅथलिक वस्ती आहे. या सगळ्या खाड्यांच्या काठाने कोकणी मुसलमानांची गावे आणि मोहल्ले पसरलेले आहेत. यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन धर्मांमध्ये समान काय आहे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा जेरुसलेमचा नकाशा पुढे ठेवून विचारला जातो. तो पेण-रोह्याच्या पट्ट्यात विचारला तर उत्तर अधिक स्पष्ट मिळते. जेरुसलेममध्ये या तिघांच्या नात्यावर सत्तेची आणि जमिनीची पुटे चढलेली आहेत. इथे ती तितकी जाड नाहीत.

नेहमीची यादी सर्वांना ठाऊक असते. देव एकच आहे, त्याने सृष्टी शून्यातून निर्माण केली, तो माणसाशी संदेष्ट्यांमार्फत बोलतो, त्याचे बोलणे ग्रंथात उतरते, मेलेले पुन्हा उठतील आणि एके दिवशी प्रत्येकाचा हिशेब होईल. आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद ही माणसे तिन्ही घरांत पूज्य आहेत. उपवास, दानधर्म आणि ठरावीक वेळेची प्रार्थना तिघांनाही आहे. यादी खरी आहे, पण ती वाचून ‘म्हणजे तिन्ही धर्म एकच सांगतात’ असा निष्कर्ष काढला तर फसगत होते. कोकणात राहणाऱ्याला यासाठी सातबारा आठवावा. एकाच मूळ पुरुषाच्या नावाची जमीन, तिच्यावर तीन वारसांची नावे आणि प्रत्येकाचा स्वतंत्र दावा. भाऊबंदकी परक्याशी होत नाही. ज्यांचा वारसा एक, त्यांच्यातच वाटणीचा वाद असतो. या तीन धर्मांचे साम्य अशा जातीचे आहे. त्यांची उत्तरे एक नाहीत. ते ज्या गोष्टीवरून वाद घालतात ती गोष्ट एक आहे. हे साम्य एकमतापेक्षा कमी वाटेल, पण माझ्या मते ते अधिक पक्के आहे.

अब्राहामाच्या बलिदानाची कथाच घ्या. देवाने त्याच्याकडे मुलगा मागितला, तो द्यायला निघाला, आणि ऐन वेळी मुलाच्या जागी पशू आला. तोरामध्ये, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथात, हा मुलगा इसहाक आहे, आणि यहुदी परंपरा या प्रसंगाकडे बांधलेल्या मुलाची व बापाच्या कसोटीची कथा म्हणून पाहते. रोश हशाना या नववर्षाच्या सणाला सिनेगॉगमध्ये ती वाचली जाते, मेंढ्याचे शिंग फुंकले जाते. ख्रिस्ती वाचकाला तीच कथा येशूच्या क्रुसाची पूर्वछाया वाटते. बापाने आपला पुत्र दिला हा तिथे गाभा ठरतो. कुराणाच्या 37 व्या सुरेत ही कथा येते तेव्हा मुलाचे नाव सांगितलेले नाही. पुढच्या मुस्लिम परंपरेने बहुमताने तो इस्माईल मानला, आणि बकरी ईदची कुर्बानी त्या प्रसंगाची आठवण आहे. मुलगा कोण आणि अर्थ काय, दोन्ही बाबतींत फरक. पण देवाची आज्ञा आणि माणसाची माया यांच्यात पेच पडला तर काय करायचे, हा प्रश्न तिघांनी याच एका माणसाच्या चरित्रातून सोडवायचा ठरवला. अब्राहामाचे नाव बाजूला केले तर तिघांपैकी एकालाही आपले म्हणणे मांडता येणार नाही.

श्रद्धेपेक्षा आचारात हे नाते अधिक उघड होते, आणि कोकणात आचार म्हटला की मासळीपासून सुरुवात करावी लागते. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे खवले आणि पर असलेला मासाच खायचा. म्हणजे बांगडा, सुरमई चालेल. कोळंबी, चिंबोरी, मुशी चालणार नाही. बेने इस्रायली समाजात प्रसिद्ध असलेली डेव्हिड रहाबीची कथा याच नियमावर उभी आहे. हा बाहेरून आलेला विद्वान, कोकणातले शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणजे हे बेने इस्रायली, खरेच यहुदी आहेत का हे तपासायला आला. त्याने बायकांना मिश्र मासळी दिली, आणि त्यांनी खवल्यांची मासळी तेवढी वेगळी काढून शिजवली. हा रहाबी नेमका कधी झाला यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी त्याला हजार वर्षे मागे नेतात, तर कोणी कोचीनच्या अठराव्या शतकातल्या रहाबी घराण्याशी जोडतात. कथेचा रोख मात्र स्वच्छ आहे: ग्रंथ हरवला, हिब्रू विसरली, तरी ताटातला नियम टिकला. त्याच बाजारातला कोकणी मुसलमान शाफई पंथाचा. त्या पंथात समुद्रातला जीव सरसकट हलाल, म्हणून त्याला कोळंबी चालते. डुक्कर आणि रक्त मात्र त्यालाही यहुद्याइतकेच निषिद्ध. कोर्लईच्या ख्रिस्ती माणसाला यातले कोणतेच बंधन नाही, कारण पहिल्याच शतकात ख्रिस्ती मंडळीने खाण्याचे नियम आणि सुंता यहुदी नसलेल्या अनुयायांवर लादायची नाही असे ठरवले. पण तोही लेंटच्या उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य करतो. तिघांच्या पाट्यांवर वेगळे वाटण असले तरी देवाचा शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचतो का, या एका प्रश्नाची ही तीन उत्तरे आहेत.

या तिघांत कोकणात मुसलमान आणि बेने इस्रायली सर्वांत जवळ राहिले, आणि त्याचा ठसा अजून पुसलेला नाही. मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला तेव्हा तिथे सुमारे 10,000 मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले आहे. बेने इस्रायलींची स्वतःची परंपरा तर अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपर्यंत मागे जाते. शतकानुशतकांच्या या शेजारात बेने इस्रायलींनी आपल्या धार्मिक पुढाऱ्याला काजी म्हटले, उपासाला रोजा म्हटले, प्रार्थनास्थळाला मशीद म्हटले. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन त्यांच्याकडे ‘बिरड्याचा रोजा’ झाला. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत बांधलेले शार हाराहमीम सिनेगॉग लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’ होते. ही उसनवारी निव्वळ शेजारधर्माची नव्हती. रोजा हा शब्द घेताना कल्पना बदलावी लागली नाही, कारण पापक्षालनासाठी अन्नपाणी सोडणे ही गोष्ट दोघांकडे आधीच होती. त्यांच्या दृष्टीने फक्त बाजारात चालणारे नाव बदलले.

ख्रिस्ती धर्माशी बेने इस्रायलींची गाठ वेगळ्या पद्धतीने पडली, आणि माझ्या मते समान भूमी कुठे संपते ते समजण्यासाठी हा प्रसंग सर्वांत बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांना मुंबई-कोकणात बेने इस्रायली समाज भेटला तेव्हा त्यांना फार आशा वाटली. हे लोक अब्राहामाचे, मूर्ती न पूजणारे, मशिहाची वाट पाहणारे. यांना एक पाऊल पुढे टाकायला सांगितले की झाले, असा हिशेब. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. ख्रिस्ती झालेला मायकेल सारगॉन हा कोचीनचा यहुदी या कामात होता. 1829 साली मुंबईला आलेल्या जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. जुना करार मराठीत आला. बेने इस्रायलींनी हे सगळे घेतले: शाळा, व्याकरण, मराठीतला बायबलचा पूर्वार्ध. आपल्या पूर्वजांचा ग्रंथ त्यांना ख्रिस्ती हातांतून परत मिळाला, हे त्यांच्या इतिहासकारांनी, विशेषतः हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी, कृतज्ञतेने मान्य केले. पण धर्मांतरे अगदी मोजकी झाली. मिशनऱ्यांना जिथून एकच पाऊल उरले असे वाटत होते, तिथेच सीमा होती. मशीहा येणार आहे की येऊन गेला, एवढाच तो प्रश्न. पण त्याच्या अलीकडे सगळे समान आणि पलीकडे सगळे वेगळे. मिशनऱ्यांनी साम्य चुकीचे ओळखले नव्हते. साम्य असले की एकमत होईल हा त्यांचा अंदाज चुकला. मिळालेल्या विद्येचा उपयोग त्या समाजाने अधिक जाणते यहुदी होण्यासाठी केला: जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि 1874 साली पुण्यात पेसाह या सणाला वाचायची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्यांत आहेत.

इथे एक सरळ आक्षेप येतो. ख्रिस्ती धर्मात देव त्रिएक आहे, येशू देवाचा पुत्र आहे, आणि कॅथलिक चर्चमध्ये मूर्ती आहेत; मग एकेश्वरवाद आणि मूर्तिनिषेध यांत तो बाकी दोघांबरोबर कसा धरायचा? आक्षेप नवा नाही आणि हलकाही नाही. बाराव्या शतकातला थोर यहुदी पंडित मैमोनिदेस याने इस्लामला शुद्ध एकेश्वरी म्हटले आणि ख्रिस्ती धर्माला त्या कसोटीवर नापास केले. तो राहत होता मुस्लिम राजवटीत, हे लक्षात ठेवले तरी त्याचा युक्तिवाद निव्वळ सोयीचा नव्हता. कुराणातही येशू कुमारी मरियमचा पुत्र आहे, मसीह आहे, संदेष्टा आहे. देवाचा पुत्र मात्र नाही. पण ख्रिस्ती बाजूही पाहायला हवी. त्रैक्याचा सिद्धांत मांडणाऱ्या आद्य धर्मपंडितांना ‘देव तीन आहेत’ असे म्हणणे पाखंड वाटत होते. देव एकच हे न सोडता येशूचे स्थान कसे सांगायचे, याचीच ती शतकांची धडपड होती. मूर्तींवरून तर ख्रिस्ती जगात आतल्या आतच रणे माजली. आठव्या-नवव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी प्रतिमा फोडल्या, सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंटांनी पुन्हा तेच केले. ज्याला मूर्तीची अडचणच वाटत नाही त्या धर्मात असे भांडण उद्भवत नाही. पेणच्या कारागिराला प्राणप्रतिष्ठेआधीची मूर्ती आणि नंतरची मूर्ती यांतला फरक पक्का ठाऊक असतो आणि त्यात त्याला पेच दिसत नाही. कॅथलिक धर्मपंडिताला मात्र ‘आम्ही प्रतिमेला पूजत नाही, तिने दाखवलेल्याला मान देतो’ असा खुलासा दर वेळी द्यावा लागतो. सिनाय पर्वतावरची मूर्तिनिषेधाची आज्ञा त्याच्याही मानगुटीवर बसलेली आहे.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेचा आहे आणि कोकणात तो अधिक जोरकस ठरतो. या तिघांची जवळीक एवढी मोठी, तर बेने इस्रायली समाज आपल्या हिंदू शेजाऱ्यांसारखा इतका का दिसतो? गावावरून आडनाव, रोहेकर, पेणकर, अष्टमकर, लग्नात मेंदी आणि मंगळसूत्र, बोलायला मराठी. यहुदी पंचांगात ऋतूंशी मेळ राखायला 19 वर्षांत 7 अधिक महिने घालतात, म्हणजे ती रीत आपल्या अधिक मासाची सख्खी बहीण. उलट मुस्लिम पंचांगात अधिक महिनाच नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. मांस आणि दूध एकत्र न करण्याचा यहुदी नियम तर कोकणाने नारळाच्या दुधाने आपोआप सोडवला. हे सगळे मान्य करायलाच हवे. फक्त काय घेतले आणि काय घेतले नाही हे सुटे करून पाहावे. 1880 च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायली कीर्तन सुरू झाले, आणि ते सुरू करणाऱ्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव पुढे येते. आडनाव रोह्याला लागून असलेल्या अष्टमीचे. रीत नारदीय कीर्तनाची, साकी-दिंडीसह. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. त्याआधी अडीचशे वर्षे, 1616 मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ओवीत क्रिस्तपुराण लिहिले. त्याचा पूर्वार्ध आदामापासून मोशेपर्यंत आणि पुढच्या संदेष्ट्यांपर्यंत याच कथा सांगतो. दोघांनी मराठी संतांची रीत घेतली, पण राम-कृष्णाचे आख्यान घेतले नाही. आणि एकमेकांशी कसलाही संबंध नसताना दोघांचे नायक एकच निघाले. शेजाऱ्याकडून रूप घेता येते. आशय आपल्या वंशातून येतो. सरसकट नव्हे, पण बहुतेक वेळा.

हे सगळे धागे एका माणसात गुंफलेले पाहायचे असतील तर तो अब्राहाम नव्हे, एलिया संदेष्टा. बेने इस्रायलींचा एलियाहू हनाबी. अलिबागजवळ सागाव-खंडाळा इथे खडकावर काही खुणा आहेत. एलियाहूचा अग्निरथ इथे टेकून पुन्हा आकाशात गेला, अशी समाजाची श्रद्धा आहे. घरात शुभकार्य असो, आजारपण उतरो, नवस फिटो, मलिदा होतो: गोड पोहे, खोबरे, फळे, आणि एलियाहूच्या नावाने प्रार्थना. जगातल्या इतर यहुद्यांकडे एलियाहूसाठी पेसाहच्या रात्री पेला भरतात आणि सुंतेच्या वेळी खुर्ची ठेवतात. मलिद्याचे ताट मात्र या समाजाचे खास आहे. मलिदा हा शब्द दर्ग्यांच्या कंदुरीतूनही ऐकू येतो. कुराणात इल्यास संदेष्टा म्हणून येतो, आणि योगायोग असा की ज्या 37 व्या सुरेत कुर्बानीची कथा आहे, तिथेच त्याचाही उल्लेख आहे. आणि कोर्लई? तिथल्या चर्चचे नाव माउंट कार्मेलच्या मातेचे. कार्मेल हा एलियाचाच पर्वत. बआल या दैवताच्या पुजाऱ्यांना त्याने तिथे आव्हान दिले. बाराव्या-तेराव्या शतकात त्या पर्वतावर राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांतून कार्मेलाइट संघ निघाला, आणि तो एलियाला आपला आदिपुरुष मानतो. कार्मेल पर्वत हजारो मैल दूर, पण खंडाळ्याचा खडक आणि कोर्लईचे चर्च एकाच जिल्ह्यात आहेत. तिघांनी त्याचे काय केले ते पुन्हा वेगळे आहे. यहुद्याला तो मशिहाच्या आधी यायचा आहे. ख्रिस्ती माणसाच्या मते तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला. मुसलमानाला तो अनेक संदेष्ट्यांतला एक. एका गावात तिघांनी त्याची आठवण काढली तरी एकाची वाट पाहणे दुसऱ्याच्या दृष्टीने व्यर्थ ठरते, आणि हे तिघांनाही ठाऊक असते.

मग हे साम्य काय कामाचे, असे कोणी विचारेल. त्याने रक्तपात तर थांबवला नाही. बरोबर आहे. इथेही थांबवला नाही. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन हे चर्चचे धर्मन्यायालय बसले, आणि त्याचा पहिला रोख बाप्तिस्मा घेऊनही गुपचूप यहुदी आचार पाळणाऱ्यांवर होता. गार्सिया द ओर्ता हा भारतीय वनौषधींवर ग्रंथ लिहिणारा मोठा वैद्य; त्याच्या बहिणीला, कातारिनाला, 1569 मध्ये जाळले आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. आरोप होता शनिवार पाळण्यासारख्या गोष्टींचा, म्हणजे येशू स्वतः पाळत असलेल्या दिवसाचा. हिंदूंवर त्या न्यायालयाने कमी अत्याचार केले असे नाही. पण ज्याचा देव आपलाच, त्याचा नकार सत्ताधाऱ्याला अधिक खुपतो, हे इथे दिसते. कॅथलिक चर्चला हा दृष्टिकोन उघडपणे बदलायला 1965 साल उजाडावे लागले. त्या वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेने येशूच्या मृत्यूचा दोष समस्त यहुद्यांवर टाकणे नाकारले आणि मुसलमान एकाच देवाची उपासना करतात हे मान्य केले. पुढे 2007 मध्ये 138 मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना पत्र लिहिले आणि देवावरचे प्रेम व शेजाऱ्यावरचे प्रेम या दोन आज्ञांवर बोलणी सुरू करण्याचे सुचवले. दोन्ही दस्तऐवजांनी मतभेद मिटल्याचा दावा केला नाही, आणि म्हणूनच ते गंभीरपणे घेण्यासारखे आहेत.

‘अब्राहामी धर्म’ हा शब्दप्रयोग आज सर्रास चालतो. काही अभ्यासक त्यावर नाराज आहेत. अमेरिकेतले यहुदी विद्वान जॉन लेव्हेन्सन यांनी 2012 च्या पुस्तकात दाखवले आहे की तिघांचा अब्राहाम एक नाही. प्रत्येकाने त्याला आपल्यासारखा घडवला आहे. त्यांचे निरीक्षण मला पटते, पण त्यामुळे शब्द टाकून द्यावा असे वाटत नाही. समान वारसा म्हणजे समान वाचन, असा अर्थ घेतला तरच तो खोटा ठरतो. आणि वारशाची कागदपत्रे सर्वांत कडकपणे कोण तपासतो, याचे उदाहरण याच पट्ट्यातून गेलेल्या माणसांच्या वाट्याला आले. 1948 नंतर बेने इस्रायलींपैकी बहुसंख्य इस्रायलला गेले. पेण-रोह्याकडे आता मोजकीच घरे उरली, आणि 2016 साली महाराष्ट्राने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तेव्हा भारतातली त्यांची संख्या पाच हजारांच्याही आत होती. कोकणात शेजारच्या मुसलमानाने किंवा ख्रिस्ती माणसाने त्यांच्या यहुदी असण्यावर कधी शंका घेतल्याची नोंद नाही. ती घेतली इस्रायलमधल्या रब्बींनी. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लग्नाआधी या समाजाच्या वंशाची तपासणी मागितली, निदर्शने झाली, आणि 1964 साली इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायली हे सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे यहुदी आहेत असे जाहीर केल्यावर तो वाद निवळला.